सातव्या पाहुण्याच्या वाड्यात

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. नागावला नारळी-पोफळीच्या वाडीत माझ्या पुतण्याचं जुनं घर आहे. पर्यटकांसाठी त्यानं तिथे चार खोल्या काढल्या आहेत. जून ते सप्टेंबर हे त्याचे ओढाताणीचे दिवस. गेटवेच्या लाँच बंद, समुद्रात उतरायची सोय नाही, आणि आलेला पाहुणा खोलीत बसून भजी खाणार तरी किती? एका दुपारी तो मला म्हणाला, "काका, तुम्ही इतकी वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंत. मित्राकडून एक यंत्र आणलंय. त्यात भुताच्या वाड्याचा खेळ आहे. तुम्ही खेळून बघा आणि मला सांगा, पाहुण्यांसाठी असं एक घ्यावं की नाही." किंमत त्यानं सांगितली पस्तीस हजार. कौलं परतून झाल्यावर त्याच्या हातात साधारण तेवढीच रक्कम उरली होती. तेव्हा प्रश्न काही गमतीचा नव्हता.

तर मंडळी, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मी माजघरात खुर्चीवर बसलो. पुतण्यानं पाणबुड्याच्या चष्म्यासारखा तो डबा माझ्या डोळ्यांवर बांधला, दोन हातांत दोन मुठी दिल्या आणि म्हणाला, "आता तुम्ही इथे नाही." आणि खरोखरच नव्हतो. समोर उंच छताचा दिवाणखाना होता, वर जाणारा लाकडी जिना होता, कोपऱ्याकोपऱ्यात धूळ होती. पाठीमागे काहीतरी करकरलं म्हणून मान वळवली, तर मागेही तोच वाडा. आधाराला म्हणून जिन्याच्या कठड्यावर हात टेकायला गेलो, तो हात हवेत आणि मी खुर्चीतून पडता पडता वाचलो. आमची ही दारात उभी होती. ती म्हणाली, "भूत बिचारं दचकलं असेल."

या प्रकाराला व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी म्हणतात. मराठीत आभासी वास्तव हा शब्द आता रुळला आहे. त्यामागचं मूळ तत्त्व मात्र पुष्कळ जुनं. आपले दोन डोळे एकाच वस्तूची दोन किंचित वेगळी चित्रं पाहतात आणि मेंदू त्या फरकावरून अंतर काढतो. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं १८३८ साली स्टिरिओस्कोप नावाच्या साधनानं हे दाखवून दिलं. तुमच्यापैकी काहींच्या घरी लहानपणी व्ह्यूमास्टर असेल, तोही त्याच कुळातला. नव्या यंत्रानं त्यात भर घातली ती हालचालीची. मान वळली की चित्र वळतं, आणि ते इतक्या झटकन की मेंदूला उशीर जाणवत नाही. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं पुरतात. इथे ७२, ९०, काही यंत्रांत १२० सुद्धा लागतात. १९६८ साली अमेरिकेत आयव्हन सदरलंड यांनी डोक्याला लावायचं असं यंत्र पहिल्यांदा केलं, तेव्हा त्याचा डोलारा छताला टांगावा लागला होता. आजचं यंत्र अर्ध्या किलोचं आहे. अर्धा किलो म्हणजे हातात काहीच नाही. तासभर कपाळावर घेऊन बसलं की कळतं.

मी खेळलो त्या खेळाचं नाव 'द सेव्हन्थ गेस्ट', म्हणजे सातवा पाहुणा. हे नाव संगणकाच्या दुनियेत जुनं आहे. १९९३ साली अमेरिकेतल्या ट्रायलोबाइट नावाच्या छोट्या कंपनीनं तो पहिल्यांदा काढला. रॉब लँडेरोस आणि ग्रेअम डिव्हाइन हे त्याचे कर्ते. तेव्हा बहुतेक खेळ फ्लॉपीवर मावत. हा मात्र चक्क दोन सीडींवर आला आणि त्याच्या वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या. केवळ हा खेळ चालावा म्हणून लोकांनी संगणकाला सीडीची सोय करून घेतली. त्याचीच आभासी वास्तवातली नवी आवृत्ती नेदरलँड्समधल्या व्हर्टिगो गेम्स या कंपनीनं ऑक्टोबर २०२३मध्ये आणली.

गोष्ट अशी. स्टॉफ नावाचा एक भटक्या. त्याला स्वप्नात एक बाहुली दिसते. तशी बाहुली तो लाकडात कोरतो आणि बघता बघता नावाजलेला खेळणीवाला होतो. पुढे त्याच्या बाहुल्या घेतलेली मुलं कसल्याशा आजारानं दगावू लागतात. स्टॉफ एक विचित्र वाडा बांधतो, त्यात सहा पाहुण्यांना बोलावतो, आणि प्रत्येकाला त्याच्या मनातली इच्छा पुरी करण्याचं आमिष दाखवतो. पुढे काय झालं ते आपण खोलीखोलीतून शोधायचं. प्रत्येक कोडं सुटलं की एखादं दार उघडतं किंवा त्या रात्रीचा एखादा प्रसंग भुतं आपल्यासमोर करून दाखवतात. सातवा पाहुणा कोण, ते मी सांगणार नाही.

आता या खेळात चांगलं काय, ते आधी सांगतो, कारण ते खरोखरच चांगलं आहे. पहिलं म्हणजे आकारमान. टीव्हीवर पाहिलेला वाडा कितीही मोठा असला तरी तो टीव्हीएवढाच असतो. इथे छत बघायला मान वर करावी लागते, आणि टेबलाखाली काय आहे ते बघायला वाकावं लागतं. दुसरं, हात. कोडं पडद्यावर नसून हातात असतं. डबी उचलायची, उलटी करायची, तळाशी काही कोरलंय का ते बघायचं, खुंटी फिरवायची. जुन्या पेटाऱ्याचा चोरकप्पा शोधताना बोटांना जी खाज सुटते ना, ती इथे सुटते. आवाजाचंही तसंच. डाव्या कानाला एखादा आवाज उजव्यापेक्षा किंचित आधी आला की तो डावीकडचा, हे मेंदू सेकंदाच्या अगदी बारीक अंशात ठरवतो, आणि यंत्र अशाच युक्त्यांनी माझ्या पाठीमागे पावलं वाजवतं. रेडिओवर ऐकलेल्या श्रुतिकांतला करकरणारा दरवाजा मला आठवला. तो समोरच्या पेटीतून यायचा. हा मानेजवळून येतो.

सगळ्यात सुंदर कल्पना आहे ती कंदिलाची. खेळात तुमच्या हाती एक कंदील येतो. त्याचा उजेड ज्यावर पडेल ते पूर्वी जसं होतं तसं दिसतं. फाटकं चित्र अखंड, मोडकं सामान धड. उजेड सरकला की पुन्हा पडझड. मी त्या कंदिलात इतका रमलो की कोडं बाजूलाच राहिलं. रेवदंड्याच्या कोटात पोर्तुगीजांच्या पडक्या भिंतींमधून मी कितीतरी वेळा हिंडलोय. असा कंदील तिथे मिळाला तर! आपल्याकडे पुरातत्त्वाचं काम करणाऱ्या कुणी ही कल्पना उचलावी असं मनापासून वाटतं.

भुतांची गंमत आणखी वेगळी. १९९३च्या खेळात खरे नट निळ्या पडद्यासमोर उभे करून त्यांचं चित्रण केलं होतं. ते तंत्र तेव्हा कच्चं होतं आणि नटांच्या कडेला निळसर झाक राहिली. ती काढता येईना, म्हणून तिचाच भुताटकीसाठी उपयोग करून घेतला, असं सांगतात. नव्या आवृत्तीत नटांना चहूबाजूंनी कॅमेरे लावून टिपलं आहे, त्यामुळे भुताला प्रदक्षिणा घालता येते. मी घातली. जवळ गेलं की केसांच्या आणि पदराच्या कडा विसविशीत दिसतात. तीस वर्षांनीही तीच खोड, आणि पुन्हा भुताच्या पथ्यावरच पडलेली.

इथपर्यंत सगळं छान. पहिला अर्धा तास मी खराखुरा घाबरलो होतो, हे कबूल करतो. मग एका कोड्यापाशी अडलो. पाच मिनिटं गेली, दहा गेली, पाऊण तास झाला. आणि माझ्या लक्षात आलं की भीती कुठल्या कुठे गेली आहे. वाड्यात तोच अंधार, तोच वारा, तीच करकर. पण मी विचार करत होतो, आणि मी विचार करत असताना भूत थांबलं होतं. त्याला घाईच नव्हती. स्टॉफ मधूनमधून टोमणा मारी, तेवढंच. पुढे पुढे तर त्याचा आवाज मला शेजारच्या घरातल्या टीव्हीसारखा वाटू लागला.

हे या खेळाचं मूळ दुखणं आहे, आणि ते कुणाच्या आळसामुळे झालेलं नाही. भीती आणि कोडं या दोघांचा स्वभावच उलटा. माणूस घाबरला की त्याचं हृदय धडधडतं, लक्ष एका जागी खिळतं, पाय पळायला बघतात. कोड्याला नेमकं याच्या उलट हवं असतं: निवांत मन, चार बाजूंनी विचार, चुकायची मुभा. कोडं सोडवणाऱ्याच्या पाठीमागे खरोखरचं संकट लावलं तर कोडं सुटत नाही, आणि संकट आवरून धरलं तर भीती उरत नाही. 'रेसिडेंट ईव्हिल ७' हा २०१७चा खेळ पहिल्या वाटेनं जातो. त्या घरातली माणसं तुमच्या मागे लागतात. त्यात छाती धडधडते, पण कोडी साधीच ठेवावी लागली आहेत. इंग्लंडच्या फायरप्रूफ गेम्सनी २०२०मध्ये आणलेला 'द रूम व्हीआर' दुसऱ्या वाटेचा. कोड्याच्या पेट्या इतक्या अप्रतिम की भीतीची आठवणच येत नाही. सातवा पाहुणा या दोघांच्या मधोमध उभा आहे.

त्यात त्याची कोडी पुष्कळदा वाड्याची नसतात, वाड्यात आणून ठेवलेली असतात. १९९३च्या खेळात हे फारच उघड होतं. त्यात एक केक होता. त्याचे सहा सारखे भाग करायचे, प्रत्येकावर दोन कवट्या, दोन थडगी आणि एक कोरा चौकोन आला पाहिजे. हे मला आवडतं, त्यात निदान मेजवानीचा आणि मरणाचा वास आहे. पण बुद्धिबळाच्या पटावर आठ राण्या अशा ठेवा की एकीनं दुसरीला मारता कामा नये, हे कोडं १८४८पासून जगाला ठाऊक आहे. त्याची ९२ उत्तरं आहेत. ते वर्तमानपत्राच्या रविवारच्या पानावर सोडवलं काय आणि झपाटलेल्या खोलीत सोडवलं काय, राण्यांना त्याचं काही नाही. नव्या खेळात कोडी बहुतेक नव्यानं रचली आहेत, हाताळायला खूपच सुबक केली आहेत, पण काही ठिकाणी जुनी सवय जात नाही. मेलेल्या माणसाच्या खोलीत शिरून आपण एक यंत्र नीट जुळवतो, आणि बक्षीस म्हणून त्याच्या मरणाचा प्रसंग दाखवला जातो. जुळवणीचा आणि मरणाचा संबंध काय, ते विचारायचं नाही.

कोडं आणि भीती एकच असू शकतात का? आमच्या किनाऱ्यावर याचं उत्तर फार पूर्वीच दिलं गेलंय. त्याचं नाव चकवा. मुंजा पिंपळावर बसतो, हडळीचे पाय उलटे, गिऱ्हा पाण्यात ओढतो. चकवा मात्र काहीच करत नाही. तो दिसत नाही, बोलत नाही. फक्त तुमची रोजची वाट तुम्हाला सापडेनाशी होते. रात्री घरी निघालेला माणूस चालतो, चालतो आणि पुन्हा त्याच आंब्याखाली येतो. इथे वाट हेच कोडं आणि तीच भीती. जितका डोकं चालवाल तितके फिराल. म्हणून जुनी माणसं सांगायची, चकवा लागला की आहे त्या जागी बसून राहावं, उजाडू द्यावं. शास्त्र विचाराल तर अंधारात, ओळखीची खूण दिसेनाशी झाली की माणूस सरळ चालू शकत नाही. आपण सरळच चाललोय असं समजून तो गोल फिरतो. पण ते असो. खेळ रचणाऱ्या मंडळींनी चकव्याची शिकवणी लावावी असं मला वाटतं.

किंवा मुरूडला यावं. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीनं जंजिऱ्याकडे निघालात की समोर नुसता तट दिसतो. बुरुज दिसतात, तोफांच्या खिडक्या दिसतात, दरवाजा दिसत नाही. होडी अगदी जवळ गेल्यावर दोन बुरुजांच्या आडोशाला तो एकदम उघडा पडतो. आज आपण कौतुकानं बघतो. पण चाल करून येणाऱ्याला हे कोडं तोफांच्या माऱ्याखाली सोडवावं लागत होतं. कोडं बांधकामातच आहे, वेगळं आणून ठेवलेलं नाही. सातव्या पाहुण्याच्या वाड्यातही जिथे कंदिलाच्या उजेडात जुनी खोली बघूनच उत्तर काढावं लागतं, तिथे असंच होतं. त्या जागा थोड्या आहेत, पण त्याच लक्षात राहतात.

आता शरीराच्या तक्रारींकडे येतो. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला येताना ज्यांना बोट लागते त्यांनी हे नीट ऐकावं. आपल्या कानाच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यातल्या द्रवाच्या हालचालीवरून मेंदूला कळतं की डोकं हलतंय. लाँचच्या आत बसलात की कान म्हणतो हलतंय, डोळे म्हणतात समोरचं बाकडं स्थिर आहे. या भांडणात पोटात ढवळतं. म्हणून जाणते लोक बाहेर येऊन क्षितिजाकडे बघायला सांगतात. आभासी वाड्यात हेच भांडण उलट्या बाजूनं होतं. डोळ्यांना दिसतं की आपण जिना चढतोय, कान म्हणतो तू खुर्चीवर बसलायस. आणि इथे बघायला क्षितिज नाही. यावर उपाय म्हणून खेळात चालण्याऐवजी एका जागेवरून दुसऱ्या जागी टुणकन उडी मारायची सोय असते. तशा उड्यांनी मला काही झालं नाही. पुतण्यानं शौर्य करून चालण्याची पद्धत लावली आणि वीस मिनिटांत पडवीत जाऊन लिंबू चोखत बसला. उडीचा तोटा असा की चकव्यासारखी वाट हरवण्याची भीतीच त्यात उरत नाही. पोट सांभाळावं तर भूत जातं.

डोळ्यांचं एक सांगायला हवं. खऱ्या जगात वस्तू नाकाजवळ आणली की दोन्ही डोळे आत वळतात आणि भिंगही तिच्यावर जुळतं. या यंत्रात डोळे आत वळतात, पण चित्र मात्र सदैव साधारण दीड मीटरवर असल्यासारखंच राहतं. दूरचा जिना बघताना याचा त्रास नाही. पण कोड्यांच्या खेळात आपण करतो काय? डबी उचलून नाकाशी धरतो! त्यामुळे या खेळात डोळे लवकर दमतात. चष्मेवाल्यांना आणखी अडचण. मी दर वीस मिनिटांनी डबा काढून वाडीतल्या माडांकडे बघत बसायचो.

भाषेची अडचण निराळीच. भुतं इंग्रजीत बोलतात, तेही जुन्या वळणाच्या. जुन्या खेळात डब्यांवरची अक्षरं जुळवून वाक्य करायचं एक कोडं होतं. त्यात स्वर म्हणून फक्त वाय हे एकच अक्षर. इंग्रज सुद्धा तिथे रडले, तर आपली काय कथा? तेव्हाच्या कर्त्यांनी दया दाखवून ग्रंथालयात एक पुस्तक ठेवलं होतं. तिसऱ्यांदा विचारलं की ते कोडंच सोडवून टाकी. नव्या खेळात वाड्यात दडलेली नाणी खर्चून सूचना मिळते. मी माझी नाणी भराभर संपवली, यात लपवण्यासारखं काही नाही.

पण पुतण्याच्या दृष्टीनं सगळ्यात मोठी उणीव यातली कुठलीच नव्हती. ती मला दुसऱ्या दिवशी कळली. तो खेळत होता आणि आम्ही बाकीचे बसलो होतो. आम्हाला काय दिसत होतं? डोळे बांधलेला एक माणूस हवेत हात फिरवतोय आणि मधूनच "अरे बाप रे" म्हणतोय. भूत त्याच्या एकट्याचं होतं.

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या आणि कितीतरी दिवस वीज नव्हती. घरातली आम्ही नऊ माणसं रोज रात्री पडवीत एका कंदिलाभोवती बसायचो. माझी वहिनी भुताच्या गोष्टी सांगायची, त्याच त्याच. गोष्टीतलं भूत येण्याआधीच मुलं एकमेकांना चिकटायची. एक किंचाळलं की सगळी किंचाळायची, आणि मग हसू. ती भीती अंगावरून अंगावर जायची. या डब्यात ती जात नाही, एकाच कपाळाशी बांधलेली राहते.

यावर थोडा इलाज आहे. खेळणाऱ्याला दिसतं ते चित्र टीव्हीवर टाकता येतं. आम्ही तसं केलं आणि घराचा रंगच बदलला. ही, माझी सून, दोन नातवंडं, सगळी कोड्यावर तुटून पडली. मी पाऊण तास अडलो होतो तिथे आठ वर्षांच्या नातीनं मागून ओरडून सांगितलं, "आजोबा, ते उलटं धरा!" आणि दार उघडलं. भीती अर्थातच शून्य. मजा मात्र चौपट.

शेवटी पुतण्यानं विचारलंच, "मग घेऊ?" मी त्याला म्हटलं, पंधरा मिनिटांचे शंभर रुपये असा धंदा मनात असेल तर घेऊ नकोस. हा खेळ पाच-सहा तासांचा आहे, पंधरा मिनिटांत जिन्याच्या वर कुणी जाणार नाही. शिवाय घरगुती वापराचा खेळ पैसे घेऊन लोकांना खेळवायचा तर त्याचा परवाना वेगळा लागतो, तो आधी बघ. लहान मुलांना डबा बांधायचा नाही. यंत्र करणाऱ्या कंपन्याच दहा-बारा वर्षांखाली नको म्हणतात. म्हणून नातीला आम्ही टीव्हीसमोरच बसवली. खेळणाऱ्याला खुर्चीवर बसवायचं, उभं करायचं नाही, समईजवळ तर मुळीच नाही. आणि खेळून झाला की डबा ओटीवर टाकायचा नाही. त्याच्या भिंगांतून ऊन आत गेलं तर कागद जाळणाऱ्या बहिर्गोल भिंगासारखं आतला पडदा जाळतं. हे सगळं सांभाळून, चार दिवस राहायला आलेल्या कुटुंबांसाठी, फुकट, टीव्हीला जोडून ठेवायचं असेल तर घे. नाहीतर त्या पैशांत मागच्या पडवीला पत्रे घाल.

त्यानं पत्रे घातले. मित्राचं यंत्र मात्र अजून आमच्याकडेच आहे, तो मागायला आलेला नाही. वरच्या मजल्यावरची एक खोली माझी उघडायची राहिली आहे. शनिवारी नात येणार आहे, तोवर बॅटरी भरून ठेव म्हणून पुतण्याला सांगून ठेवलंय.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)